टॉय स्टोरी २ : दडवलेले संदर्भ की निव्वळ काटकसर?

खेळणीवाला
टॉय स्टोरी २ (१९९९) मधल्या 'तुम्हाला माहीत नसलेल्या' गोष्टींची यादी पुन्हा फिरायला लागली आहे. यादी वाचली आणि डोकं फिरलं. त्यात जे जे संदर्भ म्हणून दिलंय त्यातलं निम्मं माझ्या मते संदर्भ नाहीच, ती काटकसर आहे. स्टुडिओकडे एक मॉडेल तयार पडलेलं असतं, नवीन बनवायला महिने लागतात, म्हणून तेच उचलून फ्रेममध्ये ठेवतात. पंचवीस वर्षांनी आपण म्हणतो, 'व्वा, काय बारकाई!'

माझी चाचणी साधी आहे. (१) ती वस्तू किंवा ते पात्र आधीच्या कामातून तयार होतं का? (२) ते तिथं नसतं तर त्या जागी दुसरं काहीतरी बनवावंच लागलं असतं का? दोन्हीचं उत्तर 'हो' असेल तर काटकसर. मुद्दाम जादा काम करून घातलं असेल तरच संदर्भ.

पहिला बळी मीच देतो : वुडीला, म्हणजे सिनेमातल्या काउबॉय खेळण्याला, दुरुस्त करणारा म्हातारा. तो १९९७च्या 'गेरीज गेम' या लघुपटातला गेरी. तयार माणूस होता, वापरला. काटकसर. बोला.

रेंडरराणी
गेरीवर इतक्या झटपट निकाल देऊ नका. आधी तो 'तयार' म्हणजे काय तयार होता ते पाहू.

पहिल्या टॉय स्टोरीत पात्रांचे पृष्ठभाग नर्ब्सच्या (वक्र पृष्ठभाग गणिताने मांडायची एक पद्धत) तुकड्यांचे होते. एक तुकडा म्हणजे ताणलेला चौकोनी रुमाल. चेहरा त्यात बसत नाही, म्हणून बरेच तुकडे जोडायचे किंवा कापायचे. चेहरा हलला की जोड उघडे पडतात. वुडीच्या चेहऱ्यावरचे जोड लपवायला किती खटपट करावी लागली हे सिनेमा बनवणाऱ्या पिक्सार स्टुडिओच्याच लोकांनी १९९८च्या सिग्राफ या संगणकचित्र परिषदेतल्या शोधनिबंधात लिहून ठेवलंय. खेळण्याच्या बाबतीत हे खपून जातं, कारण प्लास्टिकला जोड असतातच. माणसाच्या कातडीला नसतात.

यान पिंकावा दिग्दर्शित 'गेरीज गेम' हा त्यावरचा उपाय तपासण्यासाठीच केलेला लघुपट. त्यात सबडिव्हिजन सरफेस वापरले. मूळ पद्धत कॅटमुल आणि क्लार्क यांची, १९७८ची. जाडसर जाळी घ्यायची. प्रत्येक फलकाच्या कोपऱ्यांची सरासरी काढून एक बिंदू. प्रत्येक कडेसाठी तिची दोन टोकं आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या फलकांचे बिंदू, अशा चारांची सरासरी. मग जुना कोपरा या सगळ्यांच्या हिशेबाने थोडा सरकवायचा. असं दोन-तीनदा केलं की गुळगुळीत गाल, आणि जोड कुठेच नाही. नाकपुडीची किंवा नखाची कड धारदार हवी तर तिथे पहिले काही फेरे वेगळा नियम लावायचा आणि नंतर नेहमीचा. पूर्ण धार नाही, पूर्ण गोलाई नाही, मधलं काहीतरी. त्या निबंधातला खरा नवा भाग हाच. त्याच लघुपटात गेरीच्या कोटाचं कापडही सिम्युलेट केलेलं आहे.

म्हणजे १९९९ साली पिक्सारकडे म्हाताऱ्या माणसाचं चांगलं डोकं आणि चांगले हात होते. सुईत दोरा ओवतानाचे क्लोज-अप ज्या दृश्यात हवेत, तिथे दुसरं कोण घेणार? इथपर्यंत खेळणीवाल्यांशी सहमत.

शंकासुर
हो, पण त्याच्या पेटीचं काय? खण उघडतो तेव्हा एका खणात बुद्धिबळाच्या सोंगट्या आहेत! लघुपटात तो बागेत स्वतःशीच बुद्धिबळ खेळतो. दुरुस्तीच्या पेटीत सोंगट्यांचं काम काय? त्या तिथे नसत्या तर कुणाचं काही अडलं नसतं. तुमची चाचणी क्र. २ नापास.

खेळणीवाला
सोंगट्याही तयारच होत्या.

शंकासुर
तयार होत्या, पण खणात कुणीतरी मांडाव्या लागल्या ना? गेरी काटकसर, सोंगट्या संदर्भ. एकाच शॉटमध्ये दोन्ही.

गोगलगाय
त्यात आवाजही जोडा. लघुपटात गेरी एक शब्द बोलत नाही. इथे त्याला जोनाथन हॅरिसचा आवाज आहे, 'लॉस्ट इन स्पेस'मधले डॉ. स्मिथ. फुकटात भागवायचं असतं तर मुकाच ठेवला असता.

अवलोकिता
तो दुरुस्तीचा प्रसंग कितीही वेळा पाहिला तरी मन भरत नाही. यादीवाले गेरीवर थांबतात आणि पुढचं काम बघतच नाहीत. क्रम पाहा : आधी डोळा कापसाच्या बोळ्याने पुसतो. मग खांद्याची उसवलेली शिवण. ओवण्यापूर्वी दोऱ्याचं टोक, भिंगातून दिसणारं सुईचं नेढं, नंतर एकसारखे टाके. मग डोक्यामागचा रंग उडालेला भाग. आणि शेवटी बुटाच्या तळव्यावरचं मालक मुलाचं नाव, 'अँडी', रंगाखाली जातं. नेमकं तेच नाव वुडी नंतर स्वतः खरवडून बाहेर काढतो. कथेचा सांधा तिथे आहे.

यात दाखवण्यापुरतं काहीच नाही. खेळणी दुरुस्त करणारा माणूस असाच वागतो : आधी स्वच्छता, मग शिवण, रंग सगळ्यात शेवटी. ओल्या रंगावर सुई चालवली तर बोटांचे ठसे उठतात.

कुंपणावरचा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. जमलं तर चीज पफ. सिनेमातल्या खेळणी-दुकानदार अलसारखी नारिंगी बोटं होतील.

तिसरी_घंटा
चाचणीत शंभर टक्के पास होणारी उदाहरणं देतो.

१. अलच्या दुकानात खेळणी एका खेळण्यातल्या गाडीतून रांगांमधून फिरतात, रेक्स हा डायनासोर खाली पडतो आणि मागून धावत येतो. तो आपल्याला गाडीच्या आरशात दिसतो. जुरासिक पार्क (१९९३). आरशातलं प्रतिबिंब हा स्वतंत्र कॅमेरा कोन असतो, तो जुळवावा लागतो. फुकट काही मिळत नाही.

२. अंतराळवीर खेळणं बझ आणि त्याचा शत्रू झर्ग लिफ्टवर, आणि मग बापाचा खुलासा. स्टार वॉर्समधला एम्पायर स्ट्राइक्स बॅक (१९८०). ही तर विडंबनच आहे, लपवलेलं काही नाही. झर्गचा आवाज अँड्र्यू स्टँटनचा.

३. सुरुवातीच्या व्हिडिओ गेममध्ये बझ तरंगत्या चकत्यांवरून उड्या मारतो तेव्हा प्रत्येक चकतीचा सूर वेगळा लागतो. सलग ऐका : रिचर्ड स्ट्राउसचं तेच 'झरथुष्ट्र', जे कुब्रिकने १९६८च्या '२००१'मध्ये वापरलं. हे डोळ्याने शोधणाऱ्यांच्या हातून निसटतं. हेडफोन लावून ऐका.

४. विमानतळावरची उद्घोषणा. 'लॅसेटएअर', फ्लाइट ए११३, पॉइंट रिचमंडहून. विमान कंपनीचं नाव दिग्दर्शक जॉन लॅसेटरवरून, पॉइंट रिचमंड हे पिक्सारचं तेव्हाचं ठिकाण (२०००मध्ये ते एमरिव्हिलला गेले), आणि ए११३ ही कॅलआर्ट्स या कलासंस्थेतली वर्गखोली, जिथे लॅसेटर, ब्रॅड बर्ड वगैरे मंडळी शिकली. एका वाक्यात तीन.

खेळणीवाला
४ला आक्षेप. विमानतळ आहे म्हणजे उद्घोषणा हवीच. फ्लाइटला कुठला तरी नंबर द्यायलाच लागतो. विनोदी नाव घातलं म्हणून जादा काम काय झालं?

तिसरी_घंटा
अहो, मग तुमच्या चाचणीत उपमाही बसेल. पोहे नसले तर नाश्त्याला काहीतरी करावंच लागलं असतं! पहिली अट विसरलात. ए११३ हे कुठलं तयार मॉडेल नाही.

रेंडरराणी
=)) खेळणीवाले, ही मान्य करून टाका.

नावांच्या बाबतीत मी वेगळा खण करीन : घरातले विनोद. ते प्रेक्षकांसाठी नसतात, शेजारच्या टेबलावरच्या माणसासाठी असतात. पहिल्या भागातल्या सामान हलवणाऱ्या ट्रकवरचं 'एगमन' म्हणजे कला दिग्दर्शक राल्फ एगलस्टन.  

मंदार_क
पिझ्झा प्लॅनेटच्या (सिनेमातल्या पिझ्झावाल्यांच्या) गाडीला दुसऱ्या भागात 'लपलेली' म्हणणाऱ्यांना साष्टांग नमस्कार. अख्खा पाठलाग त्या गाडीतून होतो! बझ स्टिअरिंगवर, स्लिंकी पेडलवर, गिअर मिस्टर पोटॅटो हेडकडे. गाडीच्या मागच्या फळीवर टोयोटा या नावातलं उरलेलं 'यो' तेवढं पाहायचं राहून जातं. खरी लपलेली गाडी हवी असेल तर अ बग्ज लाइफ (१९९८) मध्ये ट्रेलरशेजारी पाहा.

अवलोकिता
अ बग्ज लाइफवरून : बझ झुडपांतून हात चालवत वाट काढतो तिथे फांदीवर हाइमलिख हा सुरवंट आहे. अँडीच्या खोलीत त्या सिनेमाचं कॅलेंडर आहे. दुकानाच्या फळ्यांवर त्याची खेळणी आहेत.

खेळणीवाला
फळ्यांवरची खेळणी म्हणजे काटकसरीचा अर्क. खेळण्यांचं दुकान मोठं, फळ्या भरायच्या, आणि गोदामात मागच्या सिनेमाची पात्रं पडलेली. फांदीवरचा सुरवंट मात्र सोडला. त्याचं तिथे काही काम नव्हतं.

गोगलगाय
दुकानातला खरा टोमणा वेगळाच आहे. बझच्या रांगेत टूर गाइड बार्बी सांगते की १९९५ला दूरदृष्टी नसलेल्या दुकानदारांनी पुरेशी खेळणी मागवली नव्हती. हा कल्पित विनोद नाही. पहिला सिनेमा आला तेव्हा नाताळात बझ खरंच मिळत नव्हता. बार्बी बनवणाऱ्या मॅटेलने पहिल्या भागाला बार्बी वापरायला नकार दिला होता आणि दुसऱ्याला परवानगी दिली. म्हणजे नकार देणाऱ्या कंपनीच्या बाहुलीकडूनच दुकानदारांची खरडपट्टी काढून घेतली. आवाज जोडी बेन्सनचा, म्हणजे १९८९च्या द लिटल मर्मेडमधली एरियल.

बॅकअपबाई
सगळे छान बोलताय, पण हा सिनेमा एकदा पुसला गेला होता हे अजून कुणीच कसं काढलं नाही?

कुंपणावरचा
आला, आला. वाटच बघत होतो.

बॅकअपबाई
मग नीट सांगते, कारण ही गोष्ट सांगताना लोक मधला सगळ्यात कामाचा भाग गाळतात.

१९९८. सिनेमाच्या फाइली ज्या डिस्कवर होत्या तिथे कुणीतरी 'आरएम -आर -एफ *' चालवलं. आरएम म्हणजे काढ. आर म्हणजे आतल्या सगळ्या डिरेक्टरींत शिरून काढ. एफ म्हणजे विचारू नकोस. आणि तारा म्हणजे इथे असलेलं सगळं. युनिक्सला कचऱ्याची टोपली नसते. तांत्रिक चमूतले ओरेन जेकब आणि सहकारी वुडीची डिरेक्टरी बघत होते आणि दर वेळी यादी आखूड होत होती. त्यांनी फोन करून मशीनची वायर ओढायला लावली. तोवर सुमारे ९० टक्के गेलं होतं.

आता गाळला जाणारा भाग. त्यांनी टेपवरून बॅकअप परत आणला. आणला, आणि लोक कामाला लागलेसुद्धा! काही दिवसांनी लक्षात आलं की परत आलेल्या फाइलीच धड नाहीत. जवळपास महिनाभर बॅकअप नीट घेतला जात नव्हता आणि चूक झाल्याचा संदेश कुणापर्यंत पोचत नव्हता. बॅकअप 'होतोय' एवढंच रोज दिसत होतं.

मग सिनेमाच्या तांत्रिक दिग्दर्शिका गॅलिन सुसमन यांना आठवलं. त्यांना नुकतंच बाळ झालं होतं, त्या घरून काम करत, आणि घरच्या सिलिकॉन ग्राफिक्स वर्कस्टेशनवर सिनेमाची प्रत होती. ते यंत्र ब्लँकेटात गुंडाळून, व्होल्व्होच्या मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून, हळूहळू गाडी चालवत स्टुडिओत आणलं.

मंदार_क
बाळापेक्षा जास्त जपून.

शंकासुर
आणि अशा रीतीने एका आईने सिनेमा वाचवला. इति सुफळ संपूर्ण.

बॅकअपबाई
थांबा, संपूर्ण कुठलं? त्या प्रतीलाही साधारण दोन आठवडे झाले होते. आता तीन ठिकाणच्या फाइली हातात : टेपवरच्या, सुसमन यांच्या, आणि लोकांच्या स्वतःच्या मशीनवर मधल्या दिवसांत झालेल्या. सुमारे एक लाख फाइलींपैकी ७० हजार जुळल्या. उरलेल्या ३० हजार माणसांनी बसून एकेक तपासल्या.

हाताने का? फाइलीची तारीख नवी म्हणजे मजकूर बरोबर, असं नसतं. अर्धवट परत आलेल्या फाइलीवरही तारीख ताजीच पडते. शिवाय शॉटची फाइल मॉडेलकडे बोट दाखवते आणि मॉडेल टेक्सचरकडे, म्हणजे पृष्ठभागावरच्या चित्राकडे. तिन्ही वेगवेगळ्या दिवसांच्या असल्या तर फाइल उघडते, पण वुडीचा हात खांद्यापासून वीतभर लांब तरंगतो. हे संगणकाला चूक वाटत नाही. माणसालाच दिसतं.

यातून घ्यायचं ते इतकंच : आठवड्यातून एकदा बॅकअपमधली यादृच्छिक वीसेक फाइली दुसऱ्या मशीनवर परत आणून उघडून बघा. त्रुटींची नोंद त्याच डिस्कवर ठेवू नका. आणि 'त्रुटी नाही' याचाही संदेश यायला हवा. संदेशच आला नाही तर तीच धोक्याची घंटा.

सरड्याची_धाव
यंत्रणेत काम करणाऱ्यांसाठी अवांतर : ताऱ्याची आज्ञा देण्याआधी 'पीडब्ल्यूडी' मारून कुठे उभे आहोत ते बघा, आणि आधी तोच तारा 'एलएस'ला, म्हणजे यादी दाखवणाऱ्या आज्ञेला द्या. जी यादी दिसेल तीच पुसली जाणार. आणि सगळ्यांना सगळ्या डिरेक्टरींत लिहायची परवानगी देणं बंद करा, म्हणजे निम्मे प्रश्न सुटतात.

तिसरी_घंटा
ही गोष्ट तिथे संपत नाही, बॅकअपबाई. इतक्या कष्टाने परत आणलेल्या सिनेमाचं काय झालं?

सुरुवातीला हा भाग थेट व्हिडिओ कॅसेटवर यायचा होता. १९९८मध्ये डिस्नेने तो चित्रपटगृहासाठी करायचं ठरवलं. लॅसेटर तेव्हा अ बग्ज लाइफमध्ये अडकलेले. ते संपल्यावर त्यांनी तयार झालेला भाग पाहिला आणि तो जमलेला नाही असं ठरलं. कथा पुन्हा बांधली. प्रदर्शन २४ नोव्हेंबर १९९९, हातात सुमारे नऊ महिने. म्हणजे वाचवलेल्या ॲनिमेशनपैकी बरंचसं नंतर त्यांनीच टाकून दिलं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. टाकून काय दिलं? शॉट, अभिनय, रचना. टिकलं काय? पात्रांची मॉडेलं, सेट, शेडर (पृष्ठभागाचा रंग-चमक ठरवणारा कोड). म्हणजे त्या व्होल्व्होतून सिनेमा आला नाही, सिनेमाचं सामान आलं. आणि नऊ महिन्यांत सिनेमा उभा करणाऱ्यांना सामानच हवं होतं.

खेळणीवाला
मी हेच तर म्हणतोय! काटकसर!

रेंडरराणी
एक मिनिट. नऊ महिन्यांच्या घाईमुळे गेरी आला असा याचा अर्थ लावू नका, तसा पुरावा नाही. त्या घाईची किंमत मात्र नोंदलेली आहे. पिक्सारचे सहसंस्थापक एड कॅटमुल यांनी स्वतः लिहिलंय की कर्मचाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना मनगट-हातांचे विकार जडले, आणि थकलेला एक बाप बाळाला पाळणाघरात सोडायचं विसरून पार्किंगमधल्या गाडीतच ठेवून आला. वेळेत लक्षात आलं, बाळ वाचलं. 'पडद्यामागच्या गमती'च्या यादीत हे कुणी घालत नाही.

अवलोकिता
आणि त्या नऊ महिन्यांत नवं काय आलं ते पाहिलं तर काटकसर कुठेच दिसत नाही. आधीच्या कथेत वुडी अँडीकडे परत जाणार हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक, त्यामुळे पेच नाही. त्यांनी दोन गोष्टी केल्या. व्हीझीला आधी आणलं : शिट्टी बिघडलेला पेंग्विन, फळीवर धुळीत पडलेला, घरासमोरच्या विक्रीत २५ सेंटची चिठ्ठी लावलेला. आणि वुडीच्याच संचातल्या जेसी या काउगर्ल बाहुलीला तिचं दुःख दिलं, रँडी न्यूमनचं गाणं, सेरा मॅक्लॅक्लनचा आवाज. आता वुडीने राहायचं ठरवलं तरी आपल्याला पटतं.

जेसीच्या गाण्यात तिच्या जुन्या मालकिणीचा, एमिलीचा, चेहरा बघायला जा. हात, पाय, पाठ, पलंगाखाली जाणारा बूट. सगळं खेळण्याच्या उंचीवरून.

शंकासुर
एमिली म्हणजेच अँडीची आई, टोपी सारखी आहे म्हणून! हे राहिलंच.

अवलोकिता
टोप्या सारख्या असतात. हा चाहत्यांचा तर्क आहे, सिनेमात त्याला काही आधार नाही. पुढे.

गोगलगाय
सिनेमातला वुडीचा जुना टीव्ही कार्यक्रम, राउंडअपचा कृष्णधवल कार्यक्रम, कुठल्या चाचणीत बसवणार? मूळ नमुना हाउडी डूडीसारखे १९४७पासूनचे कळसूत्री बाहुल्यांचे कार्यक्रम. संगणकावर बाहुली सरळ चालवणं सोपं. इथे उलट, दोऱ्या दिसायला हव्यात, पाय जमिनीला धड टेकायला नकोत, हात आधी आणि खांदा मागून यायला हवा. वर जुन्या फिल्मचा दाणा. चांगलं करता येणाऱ्यांनी मुद्दाम वाईट करून दाखवलंय. कार्यक्रम बंद पडायचं कारणही खऱ्या इतिहासातलं : १९५७चा स्पुटनिक, मुलांना अवकाश हवं झालं. वुडीला बझने मागे टाकलं तीच गोष्ट, चाळीस वर्षं आधी.

खेळणीवाला
हा संदर्भ. विनाअट.

मंदार_क
श्रेयनामावलीत दाखवलेल्या पात्रांच्या बनावट 'चुकां'बद्दल : त्या पहिल्या प्रदर्शनाच्या प्रिंटमध्ये नव्हत्या, १९९९च्या नाताळात जोडल्या. त्यात अ बग्ज लाइफमधली मुंगी फ्लिक आणि हाइमलिख स्वतः फांदीवर येतात. म्हणजे सिनेमातला लपलेला सुरवंट तिथे उघड होतो. प्रॉस्पेक्टर (सिनेमातलं खलनायक खेळणं) आणि दोन बार्बींचा तुकडा २०१९मध्ये काढून टाकला, त्यामुळे नव्या आवृत्तीत शोधत बसू नका. जुनी डीव्हीडी असेल तर भंगारात देऊ नका.

सरड्याची_धाव
२००९ला पहिले दोन्ही भाग थ्रीडीत आले तेव्हाही हेच सामान परत काढावं लागलं. दुसऱ्या डोळ्याचं चित्र हवं तर मूळ दृश्यच पुन्हा रेंडर करायला, म्हणजे संगणकाकडून पक्कं चित्र काढून घ्यायला लागतं, त्यासाठी दहा वर्षं जुन्या फाइली नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायला हव्यात. फाइल जपली म्हणजे ती चालेलच असं नाही. शेडरचा जुना कोड, बदललेले डिफॉल्ट, नसलेले प्लग-इन. सगळं जागेवर असूनही रंग वेगळा येतो.

बॅकअपबाई
म्हणून बॅकअपमध्ये प्रत्येक शॉटची एक तयार, रेंडर झालेली फ्रेमही ठेवायची. नंतर तुलना कशाशी करणार?

खेळणीवाला
चाचणीत दुरुस्ती. आता तीन खण : काटकसर (गेरी, दुकानाच्या फळ्या), घरातला विनोद (लॅसेटएअर, एगमन), आणि संदर्भ (आरसा, चकत्यांचे सूर, राउंडअप, फांदीवरचा सुरवंट). सोंगट्यांवर अजून माझं मत पक्कं नाही.

शंकासुर
सोंगट्या संदर्भ! खण उघडा आणि बघा!

कुंपणावरचा
आता कुणीतरी हाच धागा कार्स २ वर काढा. पॉपकॉर्न उरलंय.

रेंडरराणी
कार्स २ वर काढलात तर मी रजेवर.